कवळीतला किडा

सोनाळ्यात रविवारी सकाळी गालाला रुमाल बांधलेला माणूस दिसला, की तो कुठं निघालाय हे विचारायचं कारण नसतं. तो नारायणरावांच्या अंगणात निघालेला असतो. आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं येतात. एरवी वांगी-मिरच्या लावणारे नारायणराव त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसतात, पाटावर ताठ बसतात आणि बायकोशीसुद्धा जरा वजन ठेवून बोलतात. अन्नपूर्णाबाई त्या वजनाकडे लक्ष न देता चूल पेटवून देतात.

दाढेचा किडा काढणं ही नारायणरावांची विद्या. धंदा म्हणायची सोय नाही, कारण औषधाला पैसा घेतला की गुण जातो, असं त्यांच्या मामांनी मरताना बजावलं होतं. मामांनी जन्मभर काही कमावलं नाही ते बहुधा यामुळेच. मागं ठेवायला त्यांच्याकडे ही विद्याच होती, ती त्यांनी भाच्याला दिली आणि डोळे मिटले.

औषध भुईरिंगणीचं. बांधावर, रस्त्याच्या कडेला, उकिरड्यावर, जिथं कुणी बोलावलं नाही तिथं जमिनीला चिकटून पसरणारी ही काटेरी बया. पानाच्या शिरेलासुद्धा काटे, हात लावायची सोय नाही. फूल मात्र जांभळं आणि आत पिवळीधमक केसरं, इतकं देखणं की निंदणाऱ्या बायाही उपटताना एक-दोन शिव्या कमी देतात. अन्नपूर्णाबाई तिच्या मुळाचा काढा खोकल्यावर देत, आणि लहान पोराला खोकला झाला तर फुलातली केसरं मधात कालवून चाटवत. काढ्यानं खोकला खरोखर जायचा. तो इतका कडू असे की निम्मी माणसं दुसरा घोट टाळण्यासाठीच खोकायची थांबत, पण जायचा हे खरं.

नारायणरावांना काढ्याबिढ्यात रस नव्हता, ते बायकांचं काम. ते पिकलेली पिवळी फळं वाळवून बिया काढत आणि तेलात कालवून ठेवत. रविवारी परातीत पाणी घ्यायचं, मधोमध वीट, विटेवर चुलीत लाल केलेला नांगराचा फाळ. फाळावर बिया टाकल्या की धूर उठायचा. त्यावर तळाला भोक पाडलेलं मडकं पालथं घालायचं, भोकात पपईच्या पानाचा पोकळ देठ खोचायचा, आणि देठाचं दुसरं टोक रोग्याच्या तोंडात. रोगी डोळ्यांतून पाणी काढत धूर ओढायचा. मग मडकं उचललं की परातीतल्या पाण्यात बारीक, पांढरे, वाकडे किडे तरंगताना दिसत. बघणारे "अरे बाप रे" म्हणत आणि रोग्याला तिथंच अर्धं बरं वाटे.

हा किडा दाढेतून निघतो, धुराच्या उलट दिशेनं देठातून खाली उतरतो, लालभडक फाळाला वळसा घालतो आणि परातीत उडी घेतो, तर त्याला हा रस्ता दाखवतं कोण, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नारायणरावांनी तर नाहीच. त्यांचा आपल्या किड्यांवर मनापासून विश्वास होता. लबाड माणसाला निदान आपण काय करतोय हे माहीत असतं, नारायणरावांची तेवढीही सोय नव्हती.

त्या रविवारी रांगेत त्यांचे जिवलग मित्र सहदेवराव होते. दोघं एका वर्गात शिकले, एकाच मास्तराचा मार खाल्ला. सहदेवरावांनी पुढं जन्मभर एसटी चालवली, सातपुड्याच्या वळणांवर समोरून ट्रक आला तरी त्यांनी कधी आधी ब्रेक दाबला नाही, अशी त्यांची ख्याती. निवृत्तीनंतर ते बुद्धविहाराच्या कमिटीत होते आणि पौर्णिमेला बुवा-बाबा, गंडे-ताईत, लिंबू-मिरची यांच्यावर असं झणझणीत बोलत की ऐकणारे घरी जाऊन दारावरचं लिंबू काढत. पण दाढेच्या किड्याचा विषय निघाला की त्यांचं म्हणणं ठरलेलं असे. "याच्यात देव कुठी हाय? मंतर कुठी हाय? झाडपाल्याचं औषध हाय. आन किडा म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. डोळ्यानं पाह्यलेलं मानाव नाही तं काय मानाव?"

त्यांची खालची दाढ बऱ्याच दिवसांपासून ठणकत होती. दोनदा धूर घेऊन झाला होता, दोन्ही वेळा भरपूर किडे पडले होते आणि गाल मात्र जास्तच फुगत चालला होता. त्यात साखरेचा आजार. त्यांच्या पत्नी सिंधूताई रोज म्हणत, नांदुऱ्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे जा. सहदेवराव म्हणत, किडे निघून राह्यले तं डॉक्टर कायले पाह्यजे.

सहदेवरावांच्या आधी रुखमाबाईंचा नंबर होता. म्हातारी नांदुऱ्याला लेकीकडे राहून नुकतीच गावी परतली होती. येताना ठसठसणाऱ्या हिरड्या घेऊन आली होती आणि तोंडातल्या तोंडात कुरकुरत होती. नारायणरावांनी बिया टाकल्या, मडकं घातलं, देठ तोंडात दिला. म्हातारीनं हुक्का ओढावा तसा मजेत धूर ओढला. मडकं उचललं तर परातीत किड्यांची नुसती जत्रा. नारायणरावांनी समाधानानं मान डोलावली.

"बरं वाटून राह्यलं माय," रुखमाबाई म्हणाली. मग तिनं दोन बोटं तोंडात घातली, कवळी बाहेर काढली, वरची आणि खालची, आणि त्याच परातीत खळखळून धुतली. लेकीनं नव्या करून दिलेल्या कवळ्या होत्या, गुलाबी आणि पांढऱ्या, कारखान्यातून आल्यासारख्या चकचकीत. परातीत आता किडे आणि दात शेजारी-शेजारी होते.

रांगेतल्या माना परातीवर वाकल्या. आता कुणीतरी बोलणार, आता मामांचं नाव मातीत जाणार, असं नारायणरावांना वाटलं. आणि खरंच मागून एकजण बोलला.

"म्हंजे पलास्टिकच्या दातालेबी किडा लागते म्हना."

"काऊन नाई लागनार? आजकाल कशाचा भरोसा हाय काय?" दुसरा म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांनी माना हलवल्या. नारायणराव पलास्टिकातून किडा काढतात म्हणजे मामांच्याही पुढं गेले, असं एका बाईंनी जाहीर केलं. तासाभरात ही बातमी बसस्टँडवर पोचली.

नारायणरावांनी मात्र फाळ पाण्यात विझवला. "आज बस," ते म्हणाले. "आज हाताले गुन नाही." सहदेवराव सुजलेला गाल पुढं करून बसले होते, त्यांनाही उठवलं. सहदेवराव चिडले, पण नारायणराव घरात जाऊन दार लावून बसले.

दुपारी सगळं सामसूम झाल्यावर त्यांनी मागच्या अंगणात पुन्हा फाळ तापवला. परात, वीट, बिया, मडकं. देठ कुणाच्याही तोंडात दिला नाही, तो तसाच हवेत उभा. धूर वर गेला. त्यांनी मडकं उचललं. किडे होते. नेहमीसारखेच पांढरे, वाकडे, एखाद-दुसरा जास्तच. त्यांनी फाळावरचं एक बी काडीनं उकरलं. ते फुटलं होतं आणि आत अजून एक किडा अर्धवट अडकून बसला होता. कोंब होता तो, बीच्या आतला. तापलं की बी तडकतं आणि कोंब उडून पाण्यात पडतो. मामा, त्यांचे गुरू, गुरूचे गुरू, सगळे पिढ्यान्‌पिढ्या भुईरिंगणीची भाजलेली पोरं पाण्यात काढून लोकांना दाखवत आले होते.

"कळलं काय एकदाचं?" मागून अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"तुले माहीत होतं?"

"मी दर रविवारी परात घासतो. फुटक्या बिया मलेच दिसते ना."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

अन्नपूर्णाबाईंनी एक लुगडं झटकलं. "रविवारी तुमी लय खुश राह्यत होते. म्या म्हटलं, राहू द्या. कोनाचं काय वाईट होऊन राह्यलं?"

नारायणरावांना त्यांचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला, आणि मग एकदम सहदेवरावांचा गाल आठवला. वाईट होत होतं. ते त्यांच्या हातानंच होत होतं. दोन रविवार त्यांनी मित्राला धूर पाजून घरी पाठवलं होतं, आणि आतलं विष वाढत गेलं होतं. धोतराचा सोगा सावरत ते तसेच निघाले.

सहदेवराव खाटेवर पडले होते. गाल डोळ्यापर्यंत चढला होता, तोंड पुरतं उघडत नव्हतं, अंगात कणकण होती. सिंधूताई उशाशी मीठ-पाण्याचा गडवा घेऊन बसल्या होत्या. नारायणरावांनी उभ्या-उभ्याच सांगून टाकलं. किडा-बिडा काही नसतो. बीचा कोंब असतो. आपण आजवर लोकांना बनवत आलो, आणि स्वतःही बनत आलो.

सहदेवराव ऐकलं न ऐकल्यासारखं करून म्हणाले, "तुले आज रुखमाबाईचा झटका बसला. झोप काढ, उद्या बोलू."

"उद्याले काय ठेवलं? आता पाह्य." नारायणराव घरी जाऊन फाळ, परात, मडकं, सगळं सामान घेऊन आले. आपली लाज आपल्याच डोक्यावर वाहून नेणारा माणूस सोनाळ्याच्या रस्त्यानं प्रथमच चालला असेल. वाटेत दोघा-तिघांनी आदरानं विचारलं, "काय नारायणराव, घरपोच सेवा काय?" सिंधूताईंच्या चुलीवर फाळ तापला. सहदेवरावांना खाटेवरच ठेवून नारायणरावांनी परात पार दारापाशी मांडली. बिया टाकल्या, मडकं घातलं, देठ मोकळा. थोड्या वेळानं मडकं उचललं आणि परात खाटेपाशी नेली.

"हे पाह्य. कोनाच्या तोंडात नळी होती? कोनाच्याच नाही. तरी पडले."

सहदेवरावांनी कोपरावर उठून परातीत पाहिलं. मग म्हणाले, "मी इथी झोपेल होतो ना? माह्याच दाढेतले आले असतीन. धुराचा जोर वाढला तुह्या. आता नळीचीबी गरज नाही राह्यली."

नारायणरावांना परात मित्राच्या डोक्यात घालावीशी वाटली. हा माणूस पौर्णिमेला अर्ध्या तालुक्याचे डोळे उघडत होता. शाळेपासूनची मैत्री होती म्हणून परात वाचली. त्यांनी कपाळाला हात लावला, आपल्या नव्हे, सहदेवरावांच्या. चटका बसला. सिंधूताई दाराकडे तोंड करून पदरानं डोळे टिपत होत्या, आणि ते बघितल्यावर नारायणरावांच्या लक्षात आलं की आता खरं बोलत बसायला वेळ उरलेला नाही. ते खाटेवर बसले आणि रविवारच्या वजनदार आवाजात बोलू लागले.

"ठीक हाय. आता जे सांगतो ते मामानं मले मरताना कानात सांगतलं होतं. आजपर्यंत कोनाले सांगतलं नाही. हे पडले ते नुसते पिल्लं हायेत. मादी दाढेच्या मुळीत बसेल हाय. तिले धूर लागत नाही."

"मादी?"

"मादी. ते दाढेसंगंच बाहेर येते, आन ते काम सुईवाल्या मानसाचं हाय. मले मनाई हाय. उद्या सकाळच्या गाडीनं नांदुऱ्याले जा लागते. आन डॉक्टरनं गोळ्या देल्या तं सगळ्या खा लागते, बरं वाटलं तरी. एक गोळी चुकली का मादी पुन्हा अंडे घालते."

सहदेवरावांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. एक डोळा सुजेनं मिटलेला, दुसरा उघडा. "मादी म्हंतं तू."

"मादी."

"मंग जा लागते बा," असं म्हणून सहदेवरावांनी उसासा टाकला आणि भिंतीकडे तोंड केलं. सिंधूताईंनी लगेच पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी दोघं नांदुऱ्याला दवाखान्यात बसले होते. डॉक्टरीणबाईंचं नाव अपेक्षा. वयानं दोघांच्या नातीएवढी, पण तोंडात डोकावल्याबरोबर तिचा चेहरा आजीसारखा झाला. साखर तपासली, पू काढला, दाढ काढली. आतून सहदेवरावांचा आवाज एकदाच आला आणि तो ऐकून बाहेर बसलेला एक माणूस उठून निघून गेला. मग तिनं नारायणरावांना आत बोलावलं.

"अजून थोडे दिवस थांबले असते तर सूज गळ्यात उतरली असती. श्वास बंद झाला असता. कळतंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "इतके दिवस घरी कुणी बसवून ठेवलं यांना?"

तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं सहदेवरावांना बोलता येत नव्हतं. त्यांनी बोट नारायणरावांकडे केलं.

"आणि इथं आणलं कुणी?"

बोट तिथंच राहिलं, हललं नाही. डॉक्टरीणबाईंनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या. नारायणरावांना त्या खोलीत उभं राहवेना.

बसस्टँडच्या बाकावर बसल्यावर त्यांना राहवलं नाही. "सहदेव, मादी-बिदी काही नसते. खोटं बोललो मी. मामा काही कानात-बिनात बोलला नव्हता."

सहदेवरावांनी कापसाचा बोळा गालाच्या दुसऱ्या बाजूला सारला. "मालूम हाय बे मले."

"मालूम हाय म्हंजे?"

"काल परातीत किडे पाह्यले ना दारापाशी, तवाच समजलं. एवढा येडा नाही मी."

"मंग ते नळीची गरज नाही राह्यली, धुराचा जोर वाढला, हे कायले बोलला?"

सहदेवराव समोरच्या उभ्या एसटीकडे बघत होते. अर्धा जबडा बधिर, त्यामुळं शब्द लाळेतून वाट काढत येत होते. "किडा नसन तं डॉक्टरकडे याव लागते. मी सुईले भेतो, नारायण. लहानपनापासून. एसटीत असताना रक्त तपासनीच्या दिवशी मले घाम सुटे. हे सिंधूलेबी मालूम नाही. विहारात एवढं बोलनारा मानूस, सुईले भेतो म्हनून सांगू कोनाले? तुह्या धुरानं सुटका होती. किडे निघून राह्यले म्हटलं का सगळे गप बसत."

नारायणरावांच्या मनात आधी राग भडकला. "आन मेला असता तं?" ते ओरडले. फलाटावरच्या बायांनी वळून पाहिलं. "मेला असता तं मी कोनाच्या तोंडाकडे पाह्यलं असतं? मी तुले मारलं म्हनून जगलो असतो, आन तू सुईले भेऊन मेलेला." आणि मग त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलेही नाहीत. नांदुऱ्याच्या स्टँडवर दोन म्हातारे, एक रडतोय आणि दुसऱ्याला तोंडातल्या बोळ्यामुळं त्याची समजूत घालता येत नाही, असं बराच वेळ चाललं.

"तू मादी म्हटलं ना," शेवटी सहदेवराव म्हणाले, "तवा बरं वाटलं मले. म्हटलं, भेलो म्हनून गेलो असं कोनी म्हननार नाही. मादी होती म्हनून गेलो."

मग रविवार आला. कवळीची बातमी पसरल्यामुळं अंगण नेहमीपेक्षा जास्त भरलं होतं. दोन-तीन म्हातारे आपल्या कवळ्या रुमालात बांधून घेऊन आले होते. चूल पेटलेली नव्हती. अन्नपूर्णाबाई ओट्यावर निवांत बसल्या होत्या, सहदेवराव ओसरलेला गाल घेऊन जाहिरातीसारखे पायरीवर. नारायणरावांनी पहिल्या माणसाला पुढं बोलावलं. दंडावर बेडक्या असलेला, ट्रॅक्टर चालवणारा गडी. बॅटरीनं त्याच्या तोंडात नीट पाहिलं आणि रविवारच्या आवाजात सांगितलं, "मादी हाय. इथी निघत नाही. नांदुऱ्याले जा लागते, सुई टोचून दाढ काढा लागते."

सुई म्हटल्याबरोबर गड्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. नारायणरावांनी रांगेकडे पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तेच होतं. मागच्या टोकाचे दोघं-तिघं चपला शोधायला लागले होते. इतकी वर्षं हेच चेहरे समोर बसत होते आणि इतकी वर्षं नारायणरावांना वाटत होतं की ही आपल्या विद्येवरची श्रद्धा आहे.

ते पाटावरून उठले, चपला शोधणाऱ्यांपैकी एकापाशी गेले आणि त्याचा हात धरला. तो घामानं ओला होता.

"भेऊ नको बे," ते हळूच, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले. "मी येतो तुह्यासंगं."